अक्कांनी मागितलेली माती

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. "नव्हता" असं मुद्दाम लिहिलं नाही... कारण हे सगळं होऊन गेल्यावरही मी वर्गात तेच शिकवते जे आधी शिकवायचे. परभणीच्या एका शाळेत मी विज्ञानाची शिक्षिका आहे. बुवा लोक नारळातून केस कसे काढतात, पाण्यावर दिवा कसा पेटवतात, हे दरवर्षी सातवीच्या पोरांना करून दाखवते आणि टाळ्या घेते. या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर मी आहे ती निव्वळ करमणुकीसाठी. मागं एका ताईंनी छातीवर कुणीतरी येऊन बसल्याचा अनुभव लिहिला होता, त्याखाली "जेवण हलकं घेत जा" अशी कॉमेंट टाकणारी मीच. त्या ताई हे वाचत असतील तर आता त्यांची पाळी आहे, काय बोलायचं ते बोलून घ्यावं.

दुसरं म्हणजे, यात घाबरण्यासारखं काही नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, भीती चार दिवसांत उतरते. मला लाज वाटते. दोन वर्षं झाली, रोज सकाळी वाटते, म्हणून इथं लिहायला बसले.

आमचं घर पेडगावला. मी स्कूटीवर परभणीला जाऊन-येऊन करते, आमचे हे शेती बघतात. घर स्लॅबचं, चार खोल्यांचं. मधल्या खोलीत अक्का राहायच्या. त्या खोलीला दार एकच, ते पश्चिमेला, ओसरीत उघडणारं. खिडकी दक्षिणेला, उंदरांसाठी बारीक जाळी मारलेली. पूर्वेला नुसती भिंत. एवढं बारकाईनं सांगतेय कारण इथल्या लोकांचे प्रश्न मला माहीत आहेत, मीच विचारत असते ते.

अक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नाही. भावाच्या जिवावर बसून खायचं नाही म्हणून त्या लांबच्या जिल्ह्यात एका मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि सगळं आयुष्य तिथंच काढलं. रिटायर होऊन आल्या तेव्हा सामान म्हणजे एक पेटी, एक वळकटी, आणि उजव्या पायाची करंगळी गायब. ऑक्सिजनचं सिलिंडर पायावर पडलं होतं, बोट काढून टाकावं लागलं. ते बोट तिथल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी कचऱ्यात जाऊ दिलं नव्हतं, मागच्या कबरस्तानात नीट पुरलं होतं. अक्का सांगायच्या, "एस्टीत रुमाल टाकून जागा धरतेत न्हाई का, तसं हाय ते. बोट पुढं जाऊन बसलंय."

अशा बोलायच्या. नणंद म्हणून मी आधी जरा बिचकून होते, पण या बाईनं मला कधी भाजीत मीठ कमी आहे म्हणून ऐकवलं नाही. उलट मी वह्या तपासत बसले की न सांगता चहाचा कप आणून ठेवायच्या आणि लाल पेन बघून म्हणायच्या, "पोराला पास कर गं, त्याची माय लय मारकुटी दिसायलीय."

त्या ख्रिस्ती झाल्यात हे आम्हाला कळायलाच वर्ष लागलं. कसं कळणार? कुंकू, मंगळसूत्र, जोडवी... बाईकडं बघून आपल्याकडे जे जे ओळखतात, ते विधवा म्हणून त्यांच्या अंगावरून कधीच गेलं होतं. रविवारी "दवाखान्यातून गोळ्या आणते" म्हणून परभणीला जायच्या. एकदा मीच म्हटलं, "अक्का, रविवारी कुठला सरकारी दवाखाना उघडा असतो?" त्या म्हणाल्या, "माझा डॉक्टर रविवारीच भेटतो." मग बसून सगळं सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी काही दिलं नव्हतं. रात्रपाळीला मरणाऱ्या माणसांशेजारी बसून बसून त्यांना जे पटलं ते त्यांनी घेतलं. ह्यांना सांगू नको असं त्या म्हणाल्या नाहीत, सांग असंही म्हणाल्या नाहीत. मी सांगितलं नाही. आमची लेक पूजा तेव्हा लग्नाला आली होती, स्थळं बघणं चालू होतं... आत्या ख्रिस्ती आहे म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील, हा विचार माझ्याच डोक्यात आला, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मग पोटाचं दुखणं निघालं. कॅन्सर. शेवटचे तीन महिने मीच सगळं केलं. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पुढं जे झालं ते कळावं म्हणून सांगतेय. रोज संध्याकाळी मी त्यांच्या पायाला तेल लावायचे. तो उजवा पाय मला माझ्या पायापेक्षा जास्त पाठ झाला होता. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, टाचेला एक लांब तिरकी भेग, आणि करंगळीच्या जागी गुळगुळीत वण.

एकदा तेल लावताना त्या म्हणाल्या, "शोभा, हाच पाय बरं का. उठायच्या दिवशी हाच पाय घेऊन उठनार मी."

मी म्हटलं, "अक्का, एवढा त्रास देतंय हे शरीर, तेच परत कशाला मागता? आमच्यात बघा, जुना कपडा टाकून नवा घेतात."

"कपडा नव्हं गं. मी हाय ती. दुसऱ्या कुणाचे हातपाय घेऊन काय करू? तू मला वळखनार कशी?" मग म्हणाल्या, "दुखणं तिकडं घेऊन जाऊ देत न्हाईत. पाय देतेत. करंगळीसकट." येशू मेल्यावर परत उठला तेव्हा त्यानं खायला मागितलं, असंही त्यांनी सांगितलं. भूत जेवत नसतं, म्हणून. "मी बी उठल्याबरोबर च्या मागनार हाय."

त्याच दिवशी त्यांनी माझा तेलाचा हात धरला. "मला जाळू देऊ नको. माती दे. शब्द दे." मी दिला. मनात म्हटलं, मेल्यावर काय कळतंय... पण शब्द दिला, हातावर हात ठेवून दिला.

आता इथं पुण्या-मुंबईच्या वाचकांना एक सांगावं लागेल. आमच्याकडे कुणी वारलं की लोक म्हणतात "मातीला चाललो", "माती किती वाजता आहे?" मग प्रेत पुरा की जाळा, शब्द एकच. सरणावर ठेवून अग्नी दिला तरी ती मातीच. अक्कांची माती म्हणजे खड्डा, गावाची माती म्हणजे अंत्यविधी. मराठी एकच, अर्थ दोन. शिक्षिका असल्यामुळे हे मला चांगलं कळत होतं, हेच सांगायचंय.

फाल्गुनात एका सकाळी नऊच्या सुमाराला अक्का गेल्या. पूजाचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते, वैशाखातली तारीख धरली होती. अकरापर्यंत भावकी जमली. ह्यांचे चुलते नाना ओट्यावर बसून सगळ्या सूचना देत होते. होणारे व्याही पण फोन आल्याबरोबर निघाले होते, जीप दारात लागली तेव्हा मी ओसरीत उभी होते. नानांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सूनबाई, तू जवळ होतीस. जाताना काय बोलली का? काय इच्छा-बिच्छा?"

ओट्यावर तीसेक माणसं असतील. सगळी माझ्याकडे बघत होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "माती नीट करा म्हणाल्या."

खोटं होतं का? माती हा शब्द अक्कांचाच होता. नाना म्हणाले, "मंग, नीटच करू की. थोरली लेक हाय घरची," आणि माणसं लाकडं काढायला गेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते, धोतराचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं, बहिणीचं दुःख आहे. चार वाजता अग्नी ह्यांनीच दिला. बायका घरी थांबतात, मीही घरीच होते. मळ्याकडून धूर दिसत होता आणि मी पाहुण्यांसाठी पिठलं हलवत होते, कारण चूल पेटवायची नसते म्हणून शेजारच्यांनी त्यांच्या अंगणात शेगडी दिली होती.

दुसऱ्या दिवशी परभणीहून रिक्षा करून दोघं जण आले. पाळकसाहेब आणि त्यांच्या बाई. अक्का ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायच्या तिथले. त्यांना उशिरा कळलं होतं. शेजारणी बसल्या होत्या, मी सांगितलं, "अक्कांच्या दवाखान्यातली माणसं आहेत." साहेब ह्यांच्याजवळ ओट्यावर बसले. बाई आत आल्या, माझे हात हातात घेतले आणि हळूच विचारलं, "माती झाली ना ताई?"

"झाली," मी म्हणाले.

त्या बाईंच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला तो मी जन्मभर विसरणार नाही. "आम्हाला काळजी होती. अक्का नेहमी म्हणायच्या, घरचे ऐकतील का. पाय पूर्वेकडं ठेवले ना? आमच्यात तसं ठेवतो, उठल्यावर तोंड उगवतीला राहावं म्हणून."

"हो."

"कुठं आहे जागा? पाच मिनिटं उभं राहून प्रार्थना करून येतो, दोन फुलं ठेवतो."

मी म्हणाले, "मळ्यात आहे. भुईमुगाला पाणी सोडलंय, लय चिखल आहे. नंतर कधी या." त्यांनी फुलं माझ्याजवळ दिली. पांढरी शेवंती होती. मी ती देवघराच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली, तिथंच ती सुकली.

आता मूळ गोष्ट.

आमच्याकडे माणूस जिथं गेलं त्या जागेवर ज्वारीचं पीठ पसरतात, त्यावर टोपलं झाकतात, शेजारी दिवा ठेवतात. तिसऱ्या दिवशी पुरुष माणसं राख सावडायला निघायच्या आधी टोपलं उचलून बघायचं. पिठात पाखराचा ठसा असला तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, गाईचं खूर असलं तर गाईच्या, साप गेल्यासारखी रेघ असली तर ते. मी यावर वर्गात विनोद केलेत. उंदीर फिरला की उंदराचा जन्म, झुरळ फिरलं की झुरळाचा. पण नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, हट्ट धरला म्हणून अक्कांच्या खोलीत पीठ मीच चाळून पसरलं, वाटीच्या बुडानं सारखं केलं. जाडी बोटाच्या पेराएवढी. वर मोठं टोपलं, आणि मांजर हलवू नये म्हणून टोपल्यावर वरवंटा. दाराला बाहेरून कडी. दिव्यात तेल घालायला मीच तेवढी आत जायचे, दुसरं कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा-पावणेसात झाले असतील. उजेड चांगला होता. काकी न्हाणीत होत्या. मी म्हटलं आपण आधी बघून घ्यावं, उंदरानं काही उद्योग केला असेल तर सारखं करावं, उगीच गावभर कथा नको. वरवंटा जागेवर होता. टोपलं उचललं.

पिठात पाऊल होतं. उजव्या पायाचं, मोठ्या माणसाचं, एकच.

मी खाली बसले. दोन-तीन मिनिटं तरी नुसती बघत होते. टाचेखाली आणि चवड्याखाली पीठ पार फरशीला टेकलं होतं, म्हणजे पूर्ण वजन पडलेलं. कडा मात्र स्वच्छ. पिठात पाय ठेवून उचलला की कडा ढासळतात, थोडं पीठ तळव्याला लागून सांडतं... तसं काही नव्हतं. टाचेला ती तिरकी भेग. अंगठा आणि दुसरं बोट एकमेकाला चिकटलेली, मधे फट नाही, जसं अक्कांचं चढलेलं बोट. आणि करंगळी होती. पाचही बोटं होती. करंगळीचा ठसा लहान, गोल, सगळ्यांत स्पष्ट. बोटं पूर्वेकडं, जिथं नुसती भिंत आहे तिकडं.

तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारलंय. कुणी आत येऊन पाय उमटवला? कडी बाहेरून होती, ओसरीत दोन्ही रात्री पाहुण्या बायका दाराला पाय लावून झोपल्या होत्या. आणि मुद्दाम फसवणारा माणूस अक्कांचा पाय काढेल तर चार बोटांचा काढेल, पाच कशाला काढेल? माझाच भास? मी वीतेनं मोजलं. एक वीत आणि दोन बोटं. भास वीतेनं मोजता येतो का, माहीत नाही. फोटो का नाही काढला... मोबाइल कमरेला होता. सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

भीती वाटली नाही, शपथ. पहिल्यांदा जे वाटलं ते असं की अक्का उभ्या आहेत आणि माझ्याकडे बघताहेत आणि रागावलेल्या नाहीत. ते मला सहन झालं नाही. रागावल्या असत्या तर मी पाया पडले असते.

तेवढ्यात न्हाणीचं दार वाजलं. काकी येणार, बघणार, पाच बोटं मोजणार, गावात सांगणार. नाना विचारतील, माणसाचं पाऊल म्हणजे काय? कुणीतरी अक्कांची पेटी उघडील, त्यातलं काळं पुस्तक निघेल, पाळकसाहेब कोण होते ते निघेल. मग, सूनबाई, तुला माहीत होतं का? व्याही अजून गावातच होते.

मी तळहातानं पुसलं. टाचेपासून बोटांपर्यंत, फळा पुसतो तसं. करंगळी शेवटी पुसली. पीठ सारखं केलं आणि मग... मग मी तर्जनीनं पिठात तीन रेघा पुढं आणि एक मागं अशा ओढल्या. जवळच परत तशाच. पाखराची पावलं. विज्ञानाच्या वहीत आकृती काढतात तशी नेटकी आली.

काकी आल्या, बघितलं, डोळ्याला पदर लावला. "पाखरू झाली गं बाई. सुटली." सगळ्यांनी येऊन पाहिलं. आमचे हे सगळ्यात शेवटी आले. ते फार वेळ वाकून बघत राहिले. मला वाटलं, ओळखतात की काय माझं बोट. पण ते बाहेर गेले आणि राख सावडायला निघाले.

पूजाचं लग्न ठरल्या दिवशी झालं, छान झालं. जावई चांगले आहेत.

आणि ह्यांनी दुसऱ्या आठवड्यापासून पाखरांना दाणे टाकायला सुरुवात केली. आधी मूठभर, मग वाटीभर. मागच्या अंगणात भिंतीवर मातीच्या पसरट परळात पाणी. ज्वारी हुरड्यावर आली की सगळे शेतकरी गोफण घेऊन मचाणावर उभे राहतात, आमचे हे हात बांधून उभे राहायचे. नाना म्हणाले, "येडा झाला का तू? रान खायलेत समदं." हे म्हणाले, "खाऊ द्या." रोज सकाळी मी डबा भरत असायचे आणि खिडकीतून दिसायचं, साठीचा माणूस उकिडवा बसून चिमण्यांशी हलक्या आवाजात बोलतोय. एकदा कानावर आलं, "अक्का, खा. आज बाजरी बी आणलीय." त्या चिमण्या मी माझ्या बोटानं काढल्या होत्या. दोन वर्षं मी ते बघत डबा भरला आणि शाळेत जाऊन अंधश्रद्धेवर पाठ घेतला.

सांगायचं ठरवायचे रोज. पण सांगायचं म्हणजे पाऊल सांगायचं, पाऊल सांगायचं म्हणजे करंगळी सांगायची, आणि मग माती म्हणजे काय हे मला माहीत असताना मी ओट्यावर काय बोलले ते सांगायचं. माझी समजूत अशी की ह्यांना काहीच माहीत नाही. भोळा माणूस, बहीण पाखरू झाली म्हणून समाधानी आहे, राहू दे.

मागच्या महिन्यात हे शेतातून दुपारीच परत आले. टोपीत एक होला पक्षी होता, तारेत पंख फाटलेला. हळद लावली, बोटानं पाणी पाजलं, मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिले. दिवस मावळायच्या आत तो गेला. ह्यांनी खुरपं घेतलं, परसात लिंबाखाली हातभर खड्डा केला, त्याला धुतलेल्या रुमालात गुंडाळलं आणि ठेवलं. ठेवून झाल्यावर परत काढलं, फिरवलं, पाय उगवतीला केले, मग माती लोटली. मी मागं उभी होते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून.

म्हणाले, "या टायमाला तरी माती दिली बघ अक्काला."

मी विचारलं, "तुम्हाला... माहीत होतं?"

"मलाबी सांगितलं होतं तिनं. दोनदा. शब्द घेतला होता. अन् नानानं इचारलं, तू म्हणालीस माती नीट करा, मला वाटलं, हिला ठावं न्हाई माती म्हंजी काय. आपण बोलावं. तोंड उघडलंच न्हाई माझं. पाव्हणे बसले होते." खुरप्याची माती बोटानं काढत ते म्हणाले, "मीच पेटवलं तिला. सावडून झाल्यावर त्या पाळकसाहेबाकडं गेलो होतो. इचारलं, जळालेला माणूस उठतो का. ते म्हणले देवाला काय अवघड हाय. ते तर म्हणणारच, त्यांचं कामच हाय ते. मी तर डोळ्यानं बघितलं होतं ना... पाखराचे पाय. तिला उठायचं होतं अन् आपल्यामुळं ती पाखरू होऊन फिरायली. दोन वर्षं झाली, रोज सकाळी माफी मागायलोय मी तिची."

मी तिथंच, लिंबाखाली बसून, सगळं सांगितलं. पाऊल, टाच, बोटं, कोणत्या दिशेला होती, कसं पुसलं, पाखरू कसं काढलं. ते ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "पुरं पाऊल होतं?" मी हो म्हटलं. ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी म्हणाले, "काकीला पाखरू दाखवलंस ते ठीक हाय. गावाला दाखवलंस, पाव्हण्यांला दाखवलंस, तेबी ठीक. शोभा, मला का न्हाई बोलावलंस?"

ठसा कसा उमटला याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी शास्त्रीय कारण सांगितलं तर मी ऐकेन, खरंच ऐकेन, पीठ, ओल, दाब, काय असेल ते. ते मी विचारतही राहीन. पण ह्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं. मला पुसायचं होतं ते अक्कांचं पाऊल नव्हतं, ओट्यावरचं माझं वाक्य होतं. ह्यांना बोलावलं असतं तर त्या माणसानं नुसतं बघितलं असतं आणि त्याची ही दोन वर्षं माफी मागण्यात गेली नसती. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ते हा ग्रुप वाचत नाहीत.